दरमर्यादा आणि घाऊक बाजार : ऑफजेमचे सूत्र नेमके काय मोजते?

हिशेबनीस (धागाकर्ते)

ब्रिटनमधील घरगुती वीज आणि वायूच्या दरमर्यादेची घोषणा दर तीन महिन्यांनी होते आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न पुन्हा वर येतो : घाऊक बाजारात वायू उतरला असताना बिल का उतरत नाही? भाव चढत असतात तेव्हा पुरवठादार कंपन्या नेमकी उलट तक्रार करतात, की मर्यादेत आमचा खरेदीखर्चसुद्धा निघत नाही. या दोन्ही तक्रारी घाऊक खर्च हिशेबात धरण्याच्या पद्धतीतून निघतात. त्या पद्धतीविषयी मराठीत सलग काही वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्पर्धा नियामकाने २०१६ साली आपल्या चौकशीत असा निष्कर्ष काढला होता, की घरगुती ग्राहक खऱ्या स्पर्धेच्या तुलनेत वर्षाला सरासरी १.४ अब्ज पौंड जास्त मोजत आहेत. त्यानंतर २०१८ मध्ये संसदेने कायदा केला आणि १ जानेवारी २०१९ पासून ऑफजेमने, म्हणजे तेथील वीज-वायू नियामकाने, ठरवलेली मर्यादा लागू झाली. ती प्रति युनिट दरावर आणि स्थिर आकारावर (वापर कितीही असला, तरी द्याव्या लागणाऱ्या रकमेवर) असते. बातम्यांत जो वार्षिक आकडा झळकतो, तो केवळ ठरावीक वापर असलेल्या एका नमुना कुटुंबाचा असतो. तो आकडा पहिल्या वेळी १,१३७ पौंड होता.

आता मुख्य मुद्दा. कोणत्या कंपनीने वीज किंवा वायू प्रत्यक्षात कितीला विकत घेतला, हे ऑफजेम मर्यादा ठरवताना पाहत नाही. ते एक कल्पित पुरवठादार समोर ठेवते. हा पुरवठादार शहाणा आहे, सावध आहे आणि एका ठरावीक वेळापत्रकाप्रमाणे दररोज थोडी थोडी आगाऊ खरेदी करतो. त्याला जो सरासरी भाव पडला असता, तोच सर्वांचा घाऊक खर्च म्हणून धरला जातो. सुरुवातीच्या वेळापत्रकाला या क्षेत्रात ‘सहा-दोन-बारा’ असे म्हणत. सहा महिने वायद्यांचे (म्हणजे आज भाव ठरवून पुढे माल घेण्याच्या करारांचे) भाव पाहायचे, मग आकडेमोड आणि घोषणा यांसाठी दोन महिने सोडायचे, आणि ज्या वायद्यांचे भाव पाहायचे ते पुढच्या बारा महिन्यांच्या पुरवठ्याचे असायचे. म्हणजे ऑक्टोबर ते मार्चच्या मर्यादेसाठी फेब्रुवारी ते जुलै हा निरीक्षणकाळ होता आणि ऑगस्टच्या सुरुवातीला घोषणा होत असे.

बाजार शांत असेपर्यंत हे सूत्र कोणाच्या डोळ्यांवर आले नाही. २०२१ मध्ये ते आले. ऑक्टोबर २०२१ ची मर्यादा फेब्रुवारी ते जुलैच्या भावांवरून १,२७७ पौंड ठरली. तिची घोषणा झाल्यावर वायूने उसळी घेतली आणि डिसेंबरात ब्रिटनमधील घाऊक भाव थर्ममागे (थर्म हे वायूतील उष्णता मोजण्याचे एकक) ४५० पेन्सच्या वर गेला. मर्यादा मात्र मार्चअखेरपर्यंत जागची हलणार नव्हती. ज्यांनी वेळापत्रकाप्रमाणे आगाऊ खरेदी केलेली नव्हती, त्यांच्यासाठी प्रत्येक ग्राहक हा तोटा ठरला आणि काही महिन्यांत तीसच्या आसपास पुरवठादार बंद पडले. एप्रिल २०२२ ची मर्यादा १,९७१ पौंडांवर गेली. या सुमारे ७०० पौंडांच्या वाढीपैकी सुमारे ५५० पौंड एकट्या घाऊक खर्चाचे होते, कारण तो घटक ५२८ वरून १,०७७ पौंडांवर पोहोचला होता.

ऑक्टोबर २०२२ पासून ऑफजेमने वेळापत्रक बदलले. आता मर्यादा तिमाही आहे, निरीक्षणकाळ तीन महिन्यांचा आहे आणि मधले अंतर दीड महिन्याचे आहे. बारा महिन्यांचा पुढचा पल्ला मात्र तसाच ठेवला गेला.

माझ्या मते या सूत्राकडे खर्चाचे मोजमाप म्हणून पाहिले, तर बरेच काही सुटून जाते. नियामक जे सूत्र जाहीर करतो, ते पुरवठादारांसाठी खरेदीची आज्ञाच ठरते, कारण त्याहून वेगळ्या रीतीने खरेदी करणारा स्वतःच्या जोखमीवर ती करत असतो. म्हणून चर्चा या अंगाने व्हावी असे वाटते, की सूत्रात न बसणारी जोखीम शेवटी कोणाच्या माथी येते.

चौकस

उत्तम मांडणी. मात्र एक गोष्ट कळली नाही. मर्यादा जर तीनच महिन्यांसाठी आहे, तर भाव बारा महिन्यांच्या वायद्यांचे कशासाठी? त्याच तीन महिन्यांच्या पुरवठ्याचे वायदे घेतले, तर पुरवठादाराचा खर्च आणि त्याला मिळणारी रक्कम आपोआप जुळणार नाहीत का?

हिशेबनीस

जुळतील, पण मग हिवाळ्याचे दर भडकतील आणि उन्हाळ्याचे कोसळतील. ब्रिटनमध्ये बहुसंख्य घरे वायूवर तापवली जातात, त्यामुळे ज्या महिन्यांत वापर सर्वाधिक, त्याच महिन्यांत प्रति युनिट दरही सर्वाधिक असे होईल. बारा महिन्यांची वापरानुसार भारित सरासरी घेतली, की हा चढउतार सपाट होतो. त्याची किंमत काय, हे काल्पनिक आकड्यांवरून पाहू.

समजा, वायूचा वायदेभाव जानेवारी-मार्चसाठी थर्ममागे १२० पेन्स, एप्रिल-जूनसाठी ८०, जुलै-सप्टेंबरसाठी ७० आणि ऑक्टोबर-डिसेंबरसाठी ११० आहे. घरगुती वापराची वाटणी त्याच क्रमाने ४०, १८, १० आणि ३२ टक्के धरू. भारित सरासरी येते १०४.६ पेन्स. जानेवारी-मार्चमध्ये पुरवठादाराला १०४.६ मिळतात आणि त्याची खरेदी असते १२० ची. ती तूट उन्हाळ्यात भरून निघते, कारण तेव्हा तो ७०-८० ला घेऊन १०४.६ ला विकतो. पुढच्या वर्षाचे वायदेही अगदी असेच राहिले, तर वर्षअखेरीस नफा-तोटा शून्य होतो.

आता एकच बदल करा. पुढच्या वर्षीच्या जानेवारी-मार्चचा वायदा १२० ऐवजी ९० आहे, म्हणजे बाजाराला भाव उतरण्याची अपेक्षा आहे. एप्रिलची मर्यादा ठरवताना बारा महिन्यांच्या खिडकीतून जुना जानेवारी बाहेर पडतो, नवा स्वस्त जानेवारी आत येतो आणि सरासरी ९२.६ वर उतरते. पुरवठादाराची उन्हाळ्यातली कमाई आटते, ऑक्टोबर-डिसेंबरात तो पुन्हा तोट्यात जातो आणि वर्षभरात १०० थर्म घेणाऱ्या ग्राहकामागे त्याला ७.२० पौंडांची तूट राहते. त्याने वेळापत्रक तंतोतंत पाळले असले, तरीही! जवळचे वायदे महाग आणि लांबचे स्वस्त, या स्थितीला बाजारात बॅकवर्डेशन म्हणतात. उलट स्थितीत, म्हणजे कॉन्टँगोमध्ये, हाच खेळ ग्राहकाच्या अंगावर येतो आणि पुरवठादाराला फुकटचा लाभ होतो. माझ्या उदाहरणातला उतार सौम्य आहे. २०२२ मधला तसा नव्हता.

साक्षेपी

गणित मान्य आहे, पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मला तितकासा मान्य नाही. बॅकवर्डेशनची तूट आणि कॉन्टँगोचा लाभ कालांतराने एकमेकांची भरपाई करतील, असे गृहीत धरूनच २०१८ मध्ये हे सूत्र स्वीकारले गेले होते. तूट मोठी दिसताच ऑगस्ट २०२२ मध्ये ऑफजेमने ती लवकर वसूल करण्याची सोय मर्यादेत करून दिली आणि घराघरांच्या बिलांवर त्याचा भार पडला. याच निर्णयाच्या निषेधार्थ ऑफजेमच्या संचालक मंडळातील क्रिस्टिन फार्निश यांनी राजीनामा दिला. ग्राहक आणि कंपन्या यांच्या हितांचा योग्य तोल साधला गेला नाही, असा त्यांचा आक्षेप होता. सर्वसाधारण काळात ‘जोखीम तुमची’ म्हणायचे आणि जोखीम खरोखर उभी राहिली, की ती ग्राहकाकडे सरकवायची, याला मर्यादा म्हणावे का?

दुसरे असे, की बुडालेल्या कंपन्यांपैकी बहुतेकांनी पुरेशी आगाऊ खरेदी केलीच नव्हती आणि स्वस्तातल्या तात्कालिक भावावर ग्राहक गोळा केले होते. त्यांच्या ग्राहकांना दुसऱ्या पुरवठादारांकडे हलवण्याचा खर्चही सर्वांच्याच बिलात आला. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने जून २०२२ मध्ये तो २.७ अब्ज पौंड, म्हणजे दर ग्राहकामागे सुमारे ९४ पौंड, असा अंदाजला होता. यात सूत्राचा दोष कमी आणि परवाने वाटताना भांडवलाची चौकशी न करणाऱ्या नियामकाचा दोष जास्त आहे.

हिशेबनीस

भांडवलाविषयी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. आगाऊ खरेदी न करता ग्राहक घेणे म्हणजे भाव चढल्यास दुसऱ्याच्या पैशाने बाहेर पडण्याची मुभा घेणे होय, आणि ती मुभा नियामकानेच दिली होती.

परंतु आज्ञाधारक पुरवठादारालाही एक जोखीम टाळता येत नव्हती आणि ती भावाची नव्हती, ग्राहकसंख्येची होती. मर्यादित (म्हणजे मर्यादा लागू असलेला) दर बाजारापेक्षा कमी झाल्यावर निश्चित मुदतीच्या योजना, ज्यांना ही मर्यादा लागू नसते, त्या बाजारातून नाहीशा झाल्या आणि मुदत संपलेला प्रत्येक ग्राहक मर्यादित दरावर येऊन पडला. ऑगस्ट २०२१ च्या घोषणेच्या वेळी मर्यादा सुमारे दीड कोटी ग्राहकांना लागू होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑफजेम २.२ कोटी म्हणत होते. या जादा लोकांसाठी फेब्रुवारी ते जुलैत खरेदी करून ठेवणे कोणालाही शक्य नव्हते, कारण ते येणार हेच ठाऊक नव्हते. त्यांची वीज आणि त्यांचा वायू चालू भावाने घ्यावा लागला.

भाव पडतात तेव्हा हीच जोखीम उलटी फिरते. पुरवठादाराने महाग खरेदी करून ठेवलेली असते आणि ग्राहक स्वस्त योजनेकडे निघून जातो. ते रोखण्यासाठी एप्रिल २०२२ ते मार्च २०२४ या काळात बाजार स्थिरीकरण आकार होता. घाऊक भाव ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक घसरला, तर ग्राहक मिळवणाऱ्या कंपनीने गमावणाऱ्या कंपनीला नुकसानीचा मोठा हिस्सा द्यायचा. व्यवहारात याचा अर्थ असा झाला, की भाव उतरत असताना स्वस्त योजना काढण्याचे कारणच उरले नाही. साक्षेपी, तुमचा राग मला या तरतुदीच्या बाबतीत अधिक पटतो.

वाटसरू

घाऊक खर्च स्थिर आकारातही घातला जातो का? तसे असेल, तर वापर कमी करूनही बचत होत नाही ती त्यामुळेच, असे म्हणावे लागेल.

हिशेबनीस

नाही. वापर शून्य धरून जी मर्यादा काढतात, तिच्यात इंधनखरेदीचा खर्च शून्यच असतो. तो सगळा प्रति युनिट दरात जातो. स्थिर आकार वाढण्याची कारणे वाहिन्यांचे शुल्क, बुडालेल्या कंपन्यांचा भार वगैरे वेगळी आहेत आणि त्यांवर स्वतंत्र धागा होऊ शकेल.

दशांश

सूत्राच्या पोटात आणखी काही थर आहेत, ज्यांची चर्चा फारशी होत नाही. विजेचा वायदा दोन प्रकारचा असतो : चोवीस तास सारख्या पुरवठ्याचा आणि केवळ गर्दीच्या तासांचा. कल्पित पुरवठादार यांची खरेदी ७० आणि ३० टक्के अशा प्रमाणात करतो, असे ऑफजेमने धरले. पण घरातला वापर अशा चौकोनी ठोकळ्यांत बसत नाही. संध्याकाळी तो एकदम चढतो आणि पहाटे तळाला जातो. ठोकळे कापून त्या वक्राला जुळवण्याचा खर्च, थंडीचा अंदाज चुकल्यावर ऐनवेळी करावी लागणारी खरेदी, यंत्रणेतील असंतुलनाचे शुल्क, व्यवहारखर्च आणि वाहिन्यांतली गळती या सर्वांसाठी घाऊक भावावर वेगवेगळी भर टाकली जाते. गळती आणि वाहिन्यांचे शुल्क प्रदेशाप्रमाणे बदलतात आणि म्हणून मर्यादाही १४ वितरण प्रदेशांसाठी वेगवेगळी निघते.

यातली गोम अशी, की या भरांपैकी बऱ्याचशा टक्केवारीत होत्या. घाऊक भाव दुप्पट झाला, की त्याही दुप्पट होणार. पुरवठादाराचा नफासुद्धा प्रारंभी १.९ टक्के असा एकूण खर्चाच्या प्रमाणात धरलेला होता, त्यामुळे ग्राहक सर्वाधिक अडचणीत असताना पुरवठादाराच्या नफ्याचा पौंडांतला आकडा सर्वाधिक दिसत असे. याचे समर्थन असे केले जाई, की महाग वायू आगाऊ घ्यायला आणि तारण ठेवायला भांडवलही जास्त लागते. ऑक्टोबर २०२३ पासून नफ्याचा एक भाग स्थिर रकमेचा आणि दुसरा बदलता, अशी मिश्र पद्धत आली. हे त्याआधीच व्हायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तरायण

इतर देशांनी हीच गाठ कशी सोडवली, हे पाहिले, तर हिशेबनीस यांचा मुद्दा अधिक ठळक होतो.

स्पेनमधील घरगुती सरकार-नियंत्रित दर २०२३ अखेरपर्यंत घाऊक बाजाराच्या तासागणिक भावाला जोडलेला होता. तेथे सूत्र आणि खर्च यांत अंतर जवळपास नव्हतेच, आणि त्यामुळे २०२१-२२ चा संपूर्ण धक्का थेट घरांत पोहोचला. २०२४ पासून त्यात वायद्यांच्या भावाचा हिस्सा मिसळण्यात आला : पहिल्या वर्षी २५ टक्के, २०२५ मध्ये ४० आणि २०२६ मध्ये ५५.

फ्रान्सने दुसरे टोक गाठले. तेथील नियंत्रित दरात विजेचा एक भाग अणुऊर्जेच्या ४२ युरो प्रति मेगावॉट-तास या ठरीव भावाने धरला जाई आणि उरलेला भाग दोन वर्षांच्या वायदेभावांची सरासरी काढून. ती अणुऊर्जेची व्यवस्था २०२५ अखेर संपली. दोन वर्षांची सरासरी धक्का मुरवते खरी, पण भाव उतरल्यावरही महागाई मागे रेंगाळत ठेवते.

तिसरा प्रकार मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो आणि तो युनायटेड किंगडममध्येच आहे. उत्तर आयर्लंडला ऑफजेमची मर्यादा लागू नाही. तेथील स्वतंत्र नियामक प्रमुख पुरवठादाराच्या प्रत्यक्ष खरेदीचा हिशेब तपासतो आणि जास्त वसुली झाली असेल, तर पुढच्या दरातून परत करायला लावतो. कमी झाली असेल, तर पुढच्या दरात भर घालतो. कल्पित पुरवठादाराची तेथे गरजच पडत नाही.

साक्षेपी

गरज पडत नाही, कारण तेथे बाजार लहान आहे आणि एका प्रमुख पुरवठादाराचा हिशेब तपासणे शक्य आहे. ब्रिटनमध्ये प्रत्येक कंपनीच्या खरेदीची वही तपासून पैसे परत करायचे ठरवले, तर स्वस्तात खरेदी करण्याचे कारणच राहणार नाही. वाईट खरेदीचा खर्चही मिळणार असेल, तर चांगली खरेदी कोण करील?

शिवाय मागाहून दुरुस्ती ब्रिटनमध्ये होतच नाही, असे नाही. २०१९ च्या पहिल्या तीन महिन्यांच्या मर्यादेत घाऊक खर्च कमी धरला गेला, असा दावा ब्रिटिश गॅसने उच्च न्यायालयात केला होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला आणि नंतर ऑफजेमला त्या घटकाचा फेरविचार करावा लागला. म्हणजे नाव ठरीव सूत्राचे, आणि त्याच्या मागच्या दाराने उत्तर आयर्लंडसारखी जुळवाजुळव. ती करायचीच असेल, तर दोन्ही दिशांनी व्हावी, एवढे माझे म्हणणे आहे. कॉन्टँगोचा लाभ परत करा म्हणून न्यायालयात जाणारा ग्राहक मी अजून पाहिलेला नाही.

हिशेबनीस

शेवटचे वाक्य बिनतोड आहे. कंपन्यांकडे वकील आणि हिशेबाची गणिती प्रतिरूपे दोन्ही असतात. ग्राहकांच्या बाजूने हे काम सल्लागार संस्थांनाच करावे लागते आणि एवढ्या तपशिलात शिरण्याइतके बळ त्यांच्याकडे क्वचितच असते.

यात सरकारही एक पक्षकार होते, हे नोंदवायला हवे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मर्यादा ३,५४९ पौंड निघाली, तेव्हा सरकारने नमुना कुटुंबाचे बिल २,५०० पौंडांवर रोखले आणि मधला फरक पुरवठादारांना खजिन्यातून दिला. तो फरक मोजण्यासाठी पट्टी म्हणून ऑफजेमचीच मर्यादा वापरली गेली. जानेवारी २०२३ मध्ये ती ४,२७९ पौंडांवर होती, कारण ऑगस्टअखेरचा सर्वोच्च भाव तिच्या निरीक्षणकाळात सापडला होता. याचा अर्थ, सूत्रातील प्रत्येक भर आणि प्रत्येक टक्केवारी त्या हिवाळ्यात थेट सरकारी खर्चात उमटत होती. बारा महिन्यांचा पल्ला धरावा की तीन, हा तांत्रिक वाटणारा निर्णय त्या काळात अर्थसंकल्पाचा निर्णय झाला होता.

चौकस

दोन्ही बाजू समजल्या. आता एक व्यावहारिक प्रश्न. निश्चित मुदतीची योजना घ्यावी की मर्यादित दरावर राहावे, हे ठरवताना पुढची मर्यादा कुठे जाईल, याचा अंदाज सामान्य माणसाला बांधता येतो का? कॉर्नवॉल इनसाइटसारख्या ऊर्जाबाजार सल्लागार संस्थांचे अंदाज घोषणेच्या आधी इतके जवळ कसे येतात?

हिशेबनीस

निरीक्षणकाळ ठाऊक असल्यामुळे. जानेवारीच्या मर्यादेसाठी साधारण ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचे भाव धरले जातात, एप्रिलसाठी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे, आणि पुढे तसेच. त्या खिडकीत रोजचे वायदेभाव एकेक करून सरासरीत जमा होत जातात. दोन तृतीयांश काळ उलटला, की उरलेल्या दिवसांत उलथापालथ झाली, तरी तिचा फार तर एक तृतीयांश परिणाम सरासरीत उतरतो. खिडकी बंद झाल्यावर तर घाऊक घटक जवळपास निश्चितच झालेला असतो आणि घोषणेपर्यंत केवळ वाहिन्यांचे शुल्क आणि सरकारी योजनांचे भार यांचीच अनिश्चितता शिल्लक राहते.

म्हणून आज वायू उतरल्याची बातमी वाचली, तर आधी आजची तारीख कोणत्या खिडकीत पडते, ते पाहावे. खिडकी नुकतीच उघडली असेल आणि उतार टिकला, तर त्याचा परिणाम सुमारे साडेचार महिन्यांनंतर दिसेल. ती संपत आली असेल, तर हा उतार बहुतांशी त्याच्याही पुढच्या मर्यादेत जाईल. निश्चित योजनेची तुलना करताना सध्याच्या मर्यादेशी न करता पुढच्या चार तिमाहींच्या अंदाजाशी करावी आणि योजना मध्येच सोडण्याचे शुल्क त्यात धरावे. घाऊक घटक अलीकडे नमुना बिलाच्या सुमारे ४० टक्के आहे, त्यामुळे वायदे १० टक्क्यांनी उतरले, तर बाकी सर्व स्थिर असताना बिल सुमारे ४ टक्क्यांनीच उतरेल.